हस्तोपचार शिक्षण (निसर्गोपचार)

स्नायू, सांधे आणि पाठीचा कणा यांवर हाताने करावयाच्या उपचारांचे निसर्गोपचाराच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. त्यात दोन निराळ्या कुळांतील तंत्रे एकत्र शिकवली जातात : मऊ ऊतकांवरचे मर्दन (मालिश) आणि अडखळलेला सांधा मोकळा करणारे संधिचालन. पहिले यूरोपातून आले, दुसरे मुख्यत्वे अमेरिकेतून.

मर्दनाचे हात फिरवणे, मळणे, घर्षण, थोपटणे व कंपन असे पाच प्रकार सर्वत्र शिकवले जातात. या मांडणीचे जनकत्व वादग्रस्त आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत ते स्वीडनचे पेर हेन्रिक लिंग (१७७६–१८३९) यांना दिलेले आढळते. लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामसंस्था काढली आणि ‘वैद्यकीय व्यायामा’ची पद्धती बसवली, हे निर्विवाद आहे. परंतु त्या पद्धतीचा गाभा रुग्णाच्या अवयवांच्या हालचालींचा होता, मर्दन त्यातला केवळ एक भाग. आज रूढ असलेली, फ्रेंच नावांनी ओळखली जाणारी विभागणी ॲम्स्टरडॅमचे डच वैद्य योहान गेओर्ग मेत्झगर (१८३८–१९०९) आणि त्यांचे शिष्य यांच्याकडे जाते, असे अलीकडचे इतिहासकार मानतात. मेत्झगर यांनी १८६८ मध्ये लायडन विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध मुरगळलेल्या घोट्यावरील घर्षणोपचाराविषयी होता. १८७० च्या सुमारास स्वीडिश वैद्य त्यांच्याकडे शिकून गेले, त्यामुळे दोन्ही परंपरांची सरमिसळ झाली असावी. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

संधिचालनाचा उगम तुलनेने स्पष्ट आहे. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझूरीतील किर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे (हाडे, सांधे व स्नायू हाताने हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीचे) विद्यालय उघडले. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये आयोवातील डॅव्हेनपोर्ट येथे कायरोप्रॅक्टिकची (मुख्यत्वे पाठीच्या कण्याला हाताने धक्का देऊन उपचार करण्याच्या पद्धतीची) सुरुवात केली. दोघांवर हाडे बसवणाऱ्या लोकवैद्यांचा प्रभाव किती, यावर एकमत नाही. अमेरिकेत निसर्गोपचाराचा प्रसार करणारे बेनेडिक्ट लुस्ट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या निसर्गोपचार विद्यालयाच्या काळापासून ही तंत्रे या शास्त्रात सामावली गेली. पुढे अनेक कायरोप्रॅक्टिक महाविद्यालये निसर्गोपचाराची पदवीही देत असत. १९५० च्या दशकात तो दुवा तुटू लागला, आणि १९५६ मध्ये पोर्टलंड येथे स्वतंत्र निसर्गोपचार महाविद्यालय निघाले.

शिक्षणाची सुरुवात स्पर्शापासून होते. पुस्तकाच्या पानाखाली केस ठेवून तो बोटांच्या टोकांनी शोधायचा, मग वर एकेक पान वाढवत जायचे, हा जुना सराव आजही करून घेतात. त्यानंतर मणक्यांचे काटे मोजणे आणि दोन्ही बाजूंच्या स्नायूंचा ताण ताडून पाहणे येते. सांध्याच्या हालचालीचे असे परीक्षण दोन परीक्षकांनी केले तर निष्कर्ष फारसे जुळत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. दाबल्यावर दुखते कोठे, याबाबत मात्र एकवाक्यता बरी असते. एखादा मणका ‘सरकला आहे’ असे केवळ बोटांनी सांगणाऱ्या अध्यापनाकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

झटक्याचे तंत्र सर्वांत शेवटी शिकवतात. सांधा निष्क्रिय (रुग्णाने स्वतः न करता उपचारकाने करवलेल्या) हालचालीच्या टोकापर्यंत नेऊन तेथे ताण धरायचा आणि अत्यल्प अंतराचा, वेगवान धक्का द्यायचा. छातीच्या मणक्यांवरील धक्क्याचे मोजलेले बल सुमारे ४०० न्यूटन, मानेवरील सुमारे १०० न्यूटन भरते. धक्का सेकंदाच्या एक-दोन दशांशांत संपतो. शिकाऊ विद्यार्थी बहुधा आधीचा ताण सोडून देतो आणि मग जोर वाढवून तूट भरून काढतो. बल मोजणाऱ्या पुतळ्यांवर व टेबलांवर सराव केल्यास हा दोष कमी होतो.

धक्क्यासरशी येणाऱ्या ‘कट्’ आवाजाने विद्यार्थी भुलतो. १९४७ मध्ये बोटांच्या सांध्यांवर झालेल्या प्रयोगांनी या आवाजाचा संबंध सांध्यातील पोकळी तयार होण्याशी जोडला. १९७१ मध्ये पोकळी कोसळल्याने आवाज होतो असे मत पुढे आले. २०१५ मधील एमआरआय चित्रीकरणात आवाजाच्या क्षणी पोकळी उद्भवताना दिसली, त्यामुळे जुन्या मताकडे पुन्हा कल झुकला आहे. आवाज आला म्हणजे हाड ‘जागेवर बसले’, असे यांपैकी एकही मत सांगत नाही.

भारतात जर्मन निसर्गोपचारक लुई कूने यांच्या ग्रंथाचे तेलुगू भाषांतर १८९४ मध्ये झाले. मात्र त्या पद्धतीचा भर स्नाने व आहारावर असल्याने मर्दन येथे इतर वाटांनी रुजले असणार. अमेरिकन वैद्य जॉन हार्वी केलॉग यांचे मर्दनावरील पुस्तक (१८९५) ही त्यांतली एक संभाव्य वाट. आयुर्वेदातील अभ्यंग आणि तालमीतली मालिश येथे आधीपासून होतीच. तथापि हृदयाच्या दिशेने हात चालवण्याचा निसर्गोपचारातील क्रम यूरोपीय वळणाचा आणि तेल तेवढे देशी, असे मानणे सयुक्तिक ठरेल. पुण्यात दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र, १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने उरुळी कांचन येथे निघालेला आश्रम आणि १९८६ पासून पुण्याच्याच बापू भवनातील राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था ही महाराष्ट्रातील प्रमुख स्थाने. हाडवैद्यांची घराणी आपली विद्या घरातच देतात आणि तिच्या लेखी नोंदी तुरळक आहेत.

साडेपाच वर्षांच्या बी.एन.वाय.एस. या निसर्गोपचार व योगशास्त्राच्या पदवीत (त्यात एक वर्ष आंतरवासिता) हस्तोपचार हा विषय असतो. रुग्णालयांत प्रत्यक्ष मालिश बहुधा उपचार साहाय्यक करतात. त्यांच्यासाठी पुण्याच्या संस्थेत एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ताप, शिरेतील रक्ताची गुठळी व त्वचेचा संसर्ग असताना मर्दन वर्ज्य. अस्थिभंग, हाडांची ठिसूळता, कर्करोग आणि मूत्र-मलावरील ताबा सुटणे ही झटका न देण्याची ठळक कारणे. मानेच्या धक्क्यानंतर मानेतून मेंदूकडे जाणारी कशेरुका धमनी फाटल्याच्या नोंदीही आहेत. पाश्चात्त्य पुस्तकांत ओझरता येणारा मणक्याचा क्षयरोग भारतीय विद्यार्थ्याला विशेष लक्षात ठेवावा लागतो : रात्री वाढणारी पाठदुखी, ताप आणि वजनातील घट एकत्र दिसल्यास तपासणी होईपर्यंत कण्याला हात लावत नाहीत. २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोग कायद्याच्या कक्षेत निसर्गोपचार नसल्याने या शिक्षणाची पातळी पुष्कळशी विद्यापीठांवर आणि राज्यांवर अवलंबून राहते.