बोव्हेचं उंच छत आणि वारा

फ्रान्सच्या उत्तरेकडे, पॅरिसपासून फार लांब नाही अशा बोव्हे शहरात सेंट पीटरचं कॅथेड्रल आहे. आत शिरलं की मान वर होते ती होतच जाते. जमिनीपासून दगडी छतापर्यंतची उंची सुमारे 48 मीटर! पॅरिसच्या नोत्र दामचं छत 33 मीटरवर आहे, आमियाँ शहराच्या कॅथेड्रलचं 42 मीटरवर. गॉथिक काळात, म्हणजे युरोपच्या मध्ययुगाच्या उत्तरार्धात, दगडी छत याहून उंच कुणी नेलं नाही.

बांधकाम 1225 साली सुरू झालं. वेदीकडचा भाग, म्हणजे क्वायर, 1272मध्ये पूर्ण झाला आणि 1284मध्ये त्याच्या छताचा काही भाग कोसळला.

का कोसळला, यावर अजून एकमत नाही. पाया खचला असावा, असं काहींना वाटतं. मला सगळ्यात पटतो तो वाऱ्याचा मुद्दा. दगड प्रचंड दाब सोसतो, पण ताण पडला की चिरतो. कमानदार छत भिंतींना सतत बाहेर रेटत असतं. फ्लाइंग बट्रेस, म्हणजे बाहेरून लावलेल्या तिरक्या अर्धकमानी, तो रेटा पेलून जमिनीत उतरवतात. म्हणून तर भिंतींच्या जागी एवढ्या मोठ्या काचेच्या खिडक्या शक्य झाल्या. पण छताचा रेटा कायम तेवढाच असतो, वाऱ्याचा नाही. तो कधी या बाजूने येतो, कधी त्या, आणि इमारत जितकी उंच तितका त्याचा जोर जास्त.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट मार्क यांनी 1970च्या दशकात हे तपासलं. कॅथेड्रलच्या उभ्या छेदाची पारदर्शक प्लॅस्टिकची प्रतिकृती करायची, वाऱ्याइतका भार देण्यासाठी तिला वजनं लावायची, ती भट्टीत तापवून हळूहळू थंड करायची. मग वजनं काढली तरी आतला ताण तसाच गोठून राहतो. ध्रुवीभूत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या, प्रकाशात तिच्यात पट्टे उमटतात, आणि जिथे पट्ट्यांची दाटी तिथे ताण जास्त. बट्रेसच्या मधल्या, सडपातळ खांबांत वाऱ्यामुळे चुन्याचे सांधे उकलण्याइतका ताण येत असावा, असं त्यांना दिसलं. अशा भेगा वेळीच बुजवल्या नाहीत तर दर वादळात वाढत जातात.

दुरुस्ती करताना कारागिरांनी दोन खांबांच्या मध्ये आणखी एक खांब घातला. क्वायरमधल्या कमानी इतक्या अरुंद दिसतात त्या यामुळेच.

पुढे 1569मध्ये मधोमध 153 मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. पश्चिमेकडचं सभागृह मात्र बांधलंच नव्हतं, त्यामुळे त्या बाजूने मनोऱ्याच्या खांबांना पुरेसा आधार नव्हता. 1573मध्ये, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशी, मिरवणूक बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात मनोरा कोसळला. सभागृह पुढेही झालं नाही. त्या जागी दहाव्या शतकातलं बुटकं चर्च अजून उभं आहे.

बट्रेसना एकमेकांशी जखडणाऱ्या जुन्या लोखंडी सळ्या 1960च्या दशकात काढल्या, तेव्हा बट्रेस वाऱ्यात हलू लागले. पुन्हा पोलादी सळ्या बसवाव्या लागल्या. 1990च्या दशकात आतही लाकूड-पोलादाचे भक्कम टेकू उभारले गेले. 2001मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या चमूने लेझरने इमारतीची त्रिमितीय मोजणी केली. कुठला खांब किती कलला आहे, हे आता त्या आकड्यांशी ताडून पाहता येतं.