भिडे वाडा

भिडे वाडा : पुण्यातील बुधवार पेठेतील, आता अस्तित्वात नसलेला वाडा. श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपती मंदिरासमोर, शिवाजी रस्त्यालगत तो उभा होता. महात्मा जोतीराव फुले (१८२७–१८९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–१८९७) यांनी मुलींसाठी काढलेली पहिली शाळा या वाड्यात १८४८ मध्ये भरली. गंज पेठेतील (आताची महात्मा फुले पेठ) फुले वाड्याशी त्याची नेहमी गल्लत होते. फुले वाडा हे जोतीरावांचे राहते घर असून ते स्मारक म्हणून जतन केलेले आहे.

वाड्याचे मालक तात्यासाहेब भिडे यांनी शाळेसाठी जागा दिली. एका ब्राह्मण घरमालकाने माळी समाजातील तरुणाच्या या उद्योगाला बुधवार पेठेच्या ऐन वस्तीत थारा द्यावा, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. फुले यांच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांत सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण मित्र होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

शाळेच्या स्थापनेची तारीख वादग्रस्त आहे. फलकांवर, भाषणांत व पाठ्यपुस्तकांबाहेरील बहुतेक लेखनात १ जानेवारी १८४८ ही तारीख आढळते. चरित्रकारांचा एक महत्त्वाचा गट ऑगस्ट १८४८ मानतो. खुद्द जोतीरावांनी हंटर आयोगाला (ब्रिटिश सरकारचा शिक्षण आयोग) १८८२ मध्ये दिलेल्या निवेदनात ही शाळा ‘सुमारे १८५४’ मध्ये काढल्याचे म्हटले आहे. हे वर्ष स्वीकारता येत नाही. मुलींच्या शिक्षणातील कार्याबद्दल विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते त्यांचा सरकारी सत्कार झाला तो नोव्हेंबर १८५२ मध्ये, आणि त्याच्या आदल्या वर्षी, ३ जुलै १८५१ रोजी, बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झालेली होती. तीन दशकांनंतर आठवणीतून सांगितलेला आकडा चुकला असणे, हाच सरळ खुलासा दिसतो.

राहिला प्रश्न जानेवारी की ऑगस्ट. ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला, ती घटना चरित्रकार साधारणतः १८४८ मधील मानतात व शाळेच्या आधी ठेवतात. शिवाय १८५३ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनरी नियतकालिकात आलेल्या वृत्तान्तानुसार, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून आल्यावर त्यांनी पुण्यात शाळा काढली. हा सगळा क्रम १ जानेवारीपूर्वी बसवायचा तर वरातीची घटना तरी मागे न्यावी लागते किंवा तिचा शाळेशी असलेला संबंध तरी सोडावा लागतो. त्यामुळे ऑगस्टचे पारडे जड वाटते. वर्ष १८४८ याविषयी मात्र बहुतेक अभ्यासकांत एकमत आहे.

‘देशातील मुलींची पहिली शाळा’ हे वर्णनही जपून वापरावे. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती, तर बंगालमध्ये बारासात येथे १८४७ मध्ये स्थानिक बंगाली गृहस्थांनी तसाच प्रयत्न केला होता. कलकत्त्याची बेथून यांची शाळा १८४९ ची, म्हणजे भिडे वाड्यानंतरची. पुण्यापुरते बोलायचे तर, मिशनऱ्यांची शाळा होती पण एतद्देशीयांची नव्हती, असे जोतीराव स्वतःच सांगतात. तेवढे विधान पुरेसे आहे.

येथे अध्यापन सावित्रीबाईंनी केले. फातिमा शेख यांचे नाव सावित्रीबाईंच्या १८५६ मधील पत्रात येते. त्या भिडे वाड्यातच शिकवीत होत्या असे त्यावरून ठरत नाही. शाळा येथे फार काळ चालली नाही. १८४९ मध्ये वडील गोविंदराव यांनी सामाजिक दबावापुढे नमून मुलाला व सुनेला घराबाहेर पडण्यास सांगितले. पुढे काम पुन्हा उभे राहिले ते चिपळूणकर वाड्यात, आणि त्यामागोमाग रास्ता पेठ (१७ सप्टेंबर १८५१) व वेताळ पेठ (१५ मार्च १८५२) येथे.

शाळा गेल्यानंतर हा पेठेतील इतर वाड्यांसारखाच एक वाडा उरला. रस्त्याकडील भागात दुकाने आली, वरचे मजले कालांतराने मोडकळीस आले. गणपतीच्या दर्शनाला आलेल्यांपैकी फार थोड्यांची नजर समोरच्या दुकानांवरील पडक्या भागाकडे जात असे. येथे राष्ट्रीय स्मारक व्हावे या मागणीवरून पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये जागा ताब्यात घेण्याचा ठराव केला. भाडेकरूंनी त्याला न्यायालयात आव्हान दिले. न्यायालयीन वाद सुमारे तेरा वर्षे चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पालिकेच्या बाजूने निकाल दिला व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवून जागा रिकामी करण्यास मुदत दिली. मुदत संपताच ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पोलीस बंदोबस्तात वाडा पाडण्यात आला. जे जपायचे म्हणून हा खटला लढला गेला ती वास्तू नव्हे, जागा होती. तेथील नियोजित स्मारकाची पायाभरणी २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली.