कंपवात आणि हाडं: दोन विभागांच्या मधे राहिलेला प्रश्न

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये कंपवाताच्या, म्हणजे आजच्या भाषेत पार्किन्सन्सच्या, सहा रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलं. त्यांतल्या एकाची चालायची तऱ्हा अशी: सोबतचा माणूस समोर उभा राहून त्याचे दोन्ही खांदे धरायचा, हलकेच मागे-पुढे डोलवायचा. तोल साधला की रुग्ण तसं सांगायचा आणि धावतच सुटायचा. सोबती झटकन बाजूला होऊन पुढे पळायचा, कारण वीसेक पावलांवर त्याला झेलावं लागणार हे ठरलेलंच.

म्हणजे पडणं या आजाराच्या पहिल्याच नोंदीत आहे. तरी वैद्यकाची नजर खिळून राहिली ती थरथरणाऱ्या हातांवर. कंप नसलेलेही रुग्ण असतात, हे फ्रान्सचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी एकोणिसाव्या शतकातच बजावलं होतं. आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं तेही त्यांनीच.

1967 मध्ये दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेतले डॉक्टर कॉट्झियस यांनी या आजारावरच्या डोपा या औषधाच्या (लेव्होडोपा हा त्याचाच पुढे रूढ झालेला प्रकार) मोठ्या मात्रेचे परिणाम प्रसिद्ध केले. त्याच वर्षी होएन आणि यार यांनी आजाराचे पाच टप्पे मांडले. तिसऱ्या टप्प्याची खूण आहे तोल ढळणं. गोळीने ताठरलेला माणूस पुन्हा चालू लागला. तोल मात्र तिला तितकीशी दाद देत नाही.

पडण्याची रीतही वेगळी. दार लावून मागे वळताना पाय जमिनीला चिकटतात, धड मात्र वळलेलं असतं. पडताना आपण हात टेकतो आणि फार तर मनगट मोडतं. इथे हात वेळेवर पुढे येतच नाही. माणूस कुशीवर किंवा मागे कोसळतो आणि सगळा भार खुब्यावर येतो. त्यात उठल्याउठल्या रक्तदाब उतरण्याचा त्रास अनेकांना असतोच.

हाडाची बाजू शोधायला त्याहून उशीर झाला. हाड आपल्यावर पडणाऱ्या भारानुसार घडतं, हे जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं होतं. चालणं घटलं, वजन उतरलं, बाहेर पडणं थांबून ऊन मिळेनासं झालं आणि ड जीवनसत्त्व कमी पडलं, की हाड विरळ होणार हे त्यावरून कळायला हवं होतं. शिवाय लेव्होडोपा शरीरात मोडताना रक्तातलं होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल वाढतं. 2004 मध्ये दोन मोठ्या अभ्यासांत हे होमोसिस्टीन आणि फ्रॅक्चर यांचा संबंध दिसला. त्यामुळे बी-12 आणि फोलेट तपासायला निमित्त मिळालं. गोळी बंद करायचं कारण मात्र मिळालं नाही, हे ठळकपणे सांगायला हवं. बंद केली तर माणूस आणखी पडेल.

तरीही प्रश्न मधेच लोंबकळत राहिला. मेंदूचे डॉक्टर कंप आणि गोळ्यांच्या वेळा बघणार, हाडांचे डॉक्टर मोडलेला खुबा बसवणार. 2008 मध्ये आलेल्या फ्रॅक्स या फ्रॅक्चरचा धोका मोजण्याच्या साधनात आमवाताला स्वतंत्र रकाना होता, पार्किन्सन्सला नव्हता. 2012 मध्ये दहा देशांतल्या सुमारे 60,000 स्त्रियांच्या ग्लो अभ्यासातून कळलं, की तपासलेल्या सहव्याधींमध्ये फ्रॅक्चरशी सर्वांत घट्ट नातं पार्किन्सन्सचंच आहे. ब्रिटनच्या क्यूफ्रॅक्चर या तशाच साधनाने हा आजार हिशेबात धरला.

मग उपचार? इथे या इतिहासातलं सर्वांत वाईट प्रकरण येतं. जपानचे योशिहिरो सातो यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांवर हाडांच्या औषधांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या होत्या, आणि खुब्याची फ्रॅक्चर चांगलीच घटल्याचं त्यांत दिसत होतं. आकडे जरा जास्तच सुरेख होते. ॲबर्डीन आणि ऑकलंडच्या संशोधकांनी त्यांच्या 33 चाचण्या एकत्र तपासल्या. तुलनेचे गट सुरुवातीलाच इतके सारखे होते, की चिठ्ठ्या टाकून तसं जुळणं जवळजवळ अशक्य. 2016 मध्ये शोधनिबंध मागे घेतले जाऊ लागले. एका माणसाच्या बनावटीमुळे मुळात तोकडा असलेला पुरावा आणखी विरला, आणि दरम्यान इतरांनी तोच पाया धरून निष्कर्ष काढलेले होते.

त्यामुळे पाटी जवळपास कोरी करून सुरुवात करावी लागली. अमेरिकेत उभ्या राहिलेल्या टोपाझ चाचणीत साठीपुढच्या रुग्णांना झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडांचं औषध किंवा नुसतं सलाईन शिरेतून एकदाच द्यायचं आणि फ्रॅक्चर मोजायची, असं ठरलं. औषध द्यायला नर्सनेच रुग्णाच्या घरी जायचं, असंही ठरलं. ज्याचं हाड मोडण्याची भीती सर्वांत जास्त, त्यालाच दवाखान्याच्या पायऱ्या चढणं सर्वांत अवघड.