सेंद्रिय अभिक्रियेची पूर्णता व उत्पादिताची शुद्धता

सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अभिक्रिया सुरू असताना मूळ पदार्थ संपला का, आणि ती थांबवल्यावर हाती आलेला पदार्थ शुद्ध आहे का, हे तपासण्याच्या पद्धती. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मूळ पदार्थ पूर्ण संपूनही उत्पादित अशुद्ध असू शकते. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते.

पहिल्या प्रश्नासाठी सर्वात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे पातळ थर वर्णलेखन, म्हणजे मिश्रणातले पदार्थ पातळ थरावर वेगळे करून पाहणे. प्रयोगशाळेत तिला सगळे टीएलसी म्हणतात. १९३८ मध्ये खारकीव येथे इझमाइलोव आणि श्रायबर यांनी तिचा पाया घातला. १९५० च्या दशकात जर्मनीच्या एगॉन श्टाल यांनी थर देण्याची रीत आणि सिलिका जेल प्रमाणित केल्यावर ती जगभर रुळली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर किंवा काचेवर सिलिकाचा थर असतो. त्यावर केशनलिकेने ठिपके लावून प्लेट थोड्याशा द्रावकात उभी करतात. द्रावक वर चढताना कमी ध्रुवीय पदार्थ सहसा पुढे जातात आणि जास्त ध्रुवीय (रेणूतील विद्युतभार असमान विभागलेले) पदार्थ सिलिकाला धरून मागे राहतात. ठिपक्याने कापलेले अंतर भागिले द्रावकाने कापलेले अंतर म्हणजे आरएफ मूल्य. हेक्झेन व एथिल ॲसिटेटचे प्रमाण बदलून ते साधारण ०.२ ते ०.५ च्या दरम्यान आणले, की ठिपके नीट वेगळे दिसतात.

प्लेटवर तीन ठिपके लावावेत: एक मूळ पदार्थाचा, एक अभिक्रिया मिश्रणाचा, आणि मधला दोन्ही एकमेकांवर लावलेला. मिश्रणात मूळ पदार्थाच्या उंचीवर ठिपका उरला नाही, की तो संपला असे समजतात. हा मधला ठिपका कधीही गाळू नये. दोन पदार्थांचे आरएफ जवळजवळ सारखे असले, तर शेजारच्या ठिपक्यांची तुलना करून नजर चुकते. एकत्र ठिपका लांबट झाला किंवा फुटला, तर पदार्थ दोन आहेत हे कळते. ठिपके २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली गडद दिसतात. जे तिथे दिसत नाहीत त्यांच्यासाठी आयोडीनची वाफ, अमिनो आम्लांसाठी निनहायड्रिन, अल्डिहाइड-कीटोनसाठी २,४-डीएनपी (डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन) वापरतात.

पदार्थ सिलिकावरच विघटित होत असेल, तर प्लेट खोटे बोलते. अशा वेळी चौकोनी प्लेटच्या एका कोपऱ्यात ठिपका लावून ती चालवावी, वाळवावी, ९० अंशांत फिरवून त्याच द्रावकात पुन्हा चालवावी. स्थिर पदार्थांचे ठिपके कर्णावर येतात. कर्णाबाहेर ठिपका दिसला, तर तो सिलिकाने घडवलेला असतो, फ्लास्कमधला नव्हे.

मूळ पदार्थाचा ठिपका पुसला जाण्याची वाट पाहणे प्रत्येक वेळी योग्य नसते. आम्ल व अल्कोहोल यांच्यापासून एस्टर बनवताना अभिक्रिया समतोलावर थांबते. पाणी काढून घेतल्याशिवाय किंवा एखादा अभिकारक जास्त घेतल्याशिवाय मूळ आम्ल उरणारच, मग तासन्‌तास उकळले तरी.

शुद्धतेचा प्रश्न ॲस्पिरिनच्या उदाहरणाने उत्तम समजतो, आणि बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकांत तो अनेकांनी हाताळलेला असतो. सॅलिसिलिक आम्लाची ॲसिटिक अनहायड्राइडशी अभिक्रिया करून मिळालेला पांढरा पदार्थ दिसायला स्वच्छ असतो, पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. कणभर पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून फेरिक क्लोराइडचा थेंब टाकावा. जांभळा रंग आला, तर न बदललेले सॅलिसिलिक आम्ल शिल्लक आहे, कारण त्याचा मुक्त फिनॉल गट ॲस्पिरिनमध्ये झाकलेला असतो. दमट हवेत ठेवलेल्या ॲस्पिरिनचे जलविच्छेदन होऊन हाच रंग पुन्हा येऊ शकतो.

द्रवणांक ही घन पदार्थाची जुनी, स्वस्त आणि अजूनही विश्वासू कसोटी. शुद्ध पदार्थ सहसा एक-दोन अंशांच्या आत वितळतो. अशुद्धतेमुळे द्रवणांक उतरतो आणि पल्ला रुंदावतो. ॲस्पिरिन सुमारे १३५ अंश सेल्सियसला वितळते, पण तापवताना त्याचे विघटनही होते. म्हणून तापमान कोणत्या वेगाने वाढवले, हे नोंदवावे. यूरिया आणि सिनॅमिक आम्ल दोन्ही सुमारे १३३ अंशांना वितळतात, मात्र एकत्र करून पाहिल्यास द्रवणांक खूप खाली येतो. ओळख पटवण्यासाठी मिश्र द्रवणांक घेण्याचे कारण हेच.

प्लेटवर एकच ठिपका दिसला म्हणून पदार्थ शुद्ध ठरत नाही. किमान दोन वेगळ्या द्रावकप्रणालींत आणि वेगळ्या दर्शकांनी (अतिनील दिवा, आयोडीन यांसारख्या ठिपका दाखवणाऱ्या साधनांनी) तो एकच राहायला हवा. मीठ, ओलावा आणि उरलेले द्रावक तर टीएलसीला सहसा दिसतच नाहीत. एथिल ॲसिटेट नीट उडाले नसेल, तर प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतील हायड्रोजनचे चुंबकीय संकेत टिपणाऱ्या तपासणीत) ड्युटेरोक्लोरोफॉर्म हे द्रावक वापरल्यास सुमारे ४.१२, २.०५ आणि १.२६ पीपीएमला त्याचे संकेत उमटतात. अशुद्धतेचे नेमके प्रमाण हवे असेल, तर एचपीएलसीवर (उच्च दाबाने द्रावक स्तंभातून ढकलून पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रावर) प्रमाणित नमुन्याशी तुलना करतात. केवळ शिखरांच्या क्षेत्रफळाची टक्केवारी वजनाची टक्केवारी मानू नये, कारण प्रत्येक पदार्थ अतिनील प्रकाश सारखाच शोषत नाही.