गाडीला लावलेल्या स्कॅनरने बिघाडाचा कोड दाखवला म्हणजे तोच पार्ट गेला का?

"स्कॅनर लावा, जो कोड येईल तो पार्ट बदला" हे खूप फिरतं, आणि पटण्यासारखंही आहे. पण कोड फक्त गडबड कुठे जाणवली ते सांगतो, का झाली ते नाही. पी०१७१ आला की ऑक्सिजन सेन्सर बदलतात, तो बिचारा तर एवढंच म्हणतोय की इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे, मग व्हॅक्यूम पाइप चिरला असेल, एअरफ्लो सेन्सर मळला असेल नाहीतर इंधन पंपाचं प्रेशर कमी असेल. गाडी मोकळ्या जागेत न्यूट्रलला, हँडब्रेक लावून चालू ठेवा (बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, धूर जीवघेणा असतो) आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघा. आयडलला (रेस न देता) +२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आला तर बहुतेक हवा कुठूनतरी आत शिरतेय, रेस केल्यावर उलट वाढला तर पंप, फिल्टर तपासा. कोड पुसण्याआधी फोटो काढा, फ्रीझ फ्रेमही (कोड आला त्या क्षणाच्या रीडिंगची नोंद) पुसली जाते.