फटफटीच्या पोटातला गाळ

१३चा पाना बसेना आणि १४चा नुसताच गरगर फिरे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी माझी ही फजिती झाली. गाडी होती १९६७ची ट्रायम्फ बॉनव्हिल, ६४९ सीसी. नटाचं माप निघालं १३.३ मिलिमीटर. त्याला व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापपद्धतीतला पाव इंची पाना लागतो, आणि गंमत म्हणजे पान्यावरचं हे 'पाव इंच' त्याच्या जबड्याचं माप नसतंच. ते व्हिटवर्थ आट्यांच्या बोल्टची जाडी सांगतं. असले नट मेट्रिक पान्यांनी खोलून अनेकांनी गोल करून ठेवलेत.

ही गाडी जिथे बनली तो मेरिडनचा कारखाना इथून अगदी जवळ होता. १९४०च्या बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्रीतला कारखाना उद्ध्वस्त झाल्यावर ट्रायम्फ तिकडे गेली. १९८३ मध्ये तोही बंद पडला. आता त्या जागी घरं आहेत.

गाडीचं इंजिन चालू होतं, आवाजही बरा होता. तरी आजोबांनी ते पूर्ण उघडायचं ठरवलं. मला हा निव्वळ हट्ट वाटला. पण या इंजिनात आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नाही, फक्त जाड जाळ्या आहेत. बारीक कचरा अडवायचं काम आहे खुद्द क्रँकशाफ्टकडे, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याकडे. पिस्टनला त्याच्याशी जोडणारे कनेक्टिंग रॉड जिथे बसतात तो भाग पोकळ असून त्यात एक नळी असते. बेअरिंगकडे जाणारं ऑइल तिच्यातून जातं. ही जागा फिरण्याच्या अक्षापासून सुमारे ४१ मिलिमीटर दूर. मिनिटाला ६००० फेऱ्या धरून गणित केलं, तर तिथला प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १६५० पट येतो! धातूचा कण ऑइलपेक्षा जड, म्हणून तो बाहेरच्या बाजूला फेकला जातो आणि तिथेच चिकटतो. दुधातून साय वेगळी करणाऱ्या डेअरीच्या यंत्रामागेही हेच तत्त्व आहे. फरक इतकाच, की डेअरीचं यंत्र रोज धुतात. हे धुवायचं तर अख्खं इंजिन फोडावं लागतं.

नळीच्या तोंडाचं बूच पंच मारून पक्कं केलेलं होतं. ते तापवून, ठोकून निघायला अर्धा दिवस गेला. शिवाय नळी अडकवून ठेवणारा फ्लायव्हीलचा बोल्ट आधी काढावा लागतो. तो विसरून ओढाल तर नळीचा चुरा. आतून निघाला काळा गाळ, जुन्या मेणासारखा घट्ट. नखाने खरवडला तर त्यात रुपेरी चमक दिसत होती. नळी पूर्ण तुंबली असती, तर बेअरिंगला ऑइल मिळणं बंद झालं असतं, आणि तोवर वरून काही कळलंही नसतं.

सफाईनंतर आजोबांनी कागदी फिल्टर बसवला, पण इंजिनातून टाकीकडे परतणाऱ्या नळीवर. टाकीतून पंपाकडे ऑइल जवळजवळ आपल्या वजनानेच उतरतं; तिथे फिल्टरचा अडथळा घातला तर पंप उपाशी राहायचा. पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या आजच्या ट्रायम्फमध्ये फिल्टर असतोच, आणि तो बदलायला इंजिन फोडावं लागत नाही.

दुसरी सुधारणा इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेची. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या जुन्या पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट बदलते आणि दोन्ही सिलिंडरचं टायमिंग हळूहळू सरकतं. इलेक्ट्रॉनिक संचात कॉइलसमोरून चुंबक फिरतं, घासत काहीच नाही. मात्र या गाडीत बॅटरीची धन बाजू चासीला जोडलेली असते. हे मला ठाऊक होतं, तरी सवयीने मी ऋण तारच चासीला जोडली. इग्निशनचा कोरा डबा एका क्षणात जळाला. आजोबा काही बोलले नाहीत. दुसरा डबा मागवून त्यांनी बिल माझ्या हातात ठेवलं.

रविवारी तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. बंद केल्यावर आजोबांनी सवयीप्रमाणे ठिबकणारं ऑइल टिपायला तिच्याखाली पुठ्ठा सरकवला.