हिमनद्यांचं कोडं: शिकाऱ्याला दिसलेलं, विद्वानांना उशिरा पटलेलं

स्वित्झर्लंडमधला ज्युरा पर्वत चुनखडकाचा. त्याच्या उतारांवर मात्र आल्प्समधल्या ग्रॅनाइटचे घराएवढे धोंडे पडलेले. मध्ये रुंद सपाट प्रदेश, मोठमोठी सरोवरं. मग हे धोंडे आले कसे? अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक अभ्यासकांचं उत्तर ठरलेलं होतं: महापुरानं आणले. हिमनद्यांकडे बोट दाखवणारे अगदी थोडे. स्कॉटलंडच्या जेम्स हटननं 1795 मध्ये तसं सुचवलं होतं, पण ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

आल्प्समध्ये राहणाऱ्यांना या उत्तरासाठी ग्रंथांची गरज नव्हती. व्हॅले प्रांतातल्या लूर्तिए गावचा झां-पिएर पेरोदँ हा हरणांसारख्या शॅमॉ या प्राण्यांची शिकार करणारा डोंगरी माणूस. हे धोंडे पाण्यानं वाहून नेण्याच्या आवाक्यातले नाहीत, एके काळी आमची सगळी दरी बर्फानं भरलेली होती आणि तो बर्फ खाली मार्तिन्यीपर्यंत पोचला होता, असं तो सांगे. 1815 मध्ये बे इथल्या मिठाच्या खाणींचे संचालक झां द शार्पांतिए त्याच्या घरी मुक्कामाला होते. त्यांनी हे ऐकलं आणि तपासून पाहण्याच्याही लायकीचं नाही म्हणून सोडून दिलं.

तीन वर्षांनी त्याच दरीत संकट उभं राहिलं. जिएत्रो हिमनदीवरून कोसळलेल्या बर्फानं द्रांस नदी अडली आणि मागं तलाव तुंबला. प्रांताचे अभियंता इग्नाझ व्हेनेट्झ यांनी बर्फात बोगदा खोदून बरंच पाणी हळूहळू सोडलं, तरी 16 जून 1818 रोजी बांध फुटलाच. सुमारे चाळीस माणसं गेली.

पेरोदँचं म्हणणं गांभीर्यानं घेतलं ते या व्हेनेट्झनीच. दऱ्याखोऱ्यांतून हिंडून त्यांनी आजच्या हिमनद्यांच्या कितीतरी पुढं जुने हिमोढ, म्हणजे बर्फानं ढकलत आणलेल्या दगडमातीचे बांध, शोधले. 1829 मध्ये त्यांनी जाहीरपणे मांडलं की ज्युरावरचे धोंडेसुद्धा हिमनद्यांनीच नेले. शार्पांतिए आपले मित्र व्हेनेट्झ यांना खोडून काढायला निघाले आणि पुरावे बघता बघता त्यांच्याच बाजूचे झाले. 1834 मध्ये लुसर्नला भरलेल्या स्विस निसर्ग-अभ्यासकांच्या सभेत त्यांनी हा विचार पद्धतशीर मांडला. सभा बधली नाही.

पुढचं नाव सर्वांना ठाऊक असलेलं, लुई आगासी. जीवाश्म माशांचे हे नामांकित अभ्यासक 1836 च्या उन्हाळ्यात बे इथं आले, तेही शंका घेऊनच, आणि जाताना पुरते बदलून गेले. 24 जुलै 1837 ला न्यूशातेलच्या सभेत माशांवरचं भाषण ऐकायला जमलेल्यांना त्यांनी बर्फाची कथा ऐकवली. नामवंत जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्ट यांनी त्यांना माशांकडे परतण्याचा सल्ला दिला. तो त्यांनी मानला नाही. 1840 मध्ये त्यांचा ग्रंथ आला, शार्पांतिएंच्या ग्रंथाच्या काही महिने आधी. मैत्री तिथंच नासली. 'हिमयुग' या अर्थाचा जर्मन शब्द घडवणारे कार्ल शिंपरही श्रेय नाकारल्याबद्दल दुखावले. गंमत अशी की आगासींचं ध्रुवापासून भूमध्य समुद्रापर्यंतचं एकसंध बर्फाचं चित्र फुगवलेलं होतं. आल्प्सच्या हिमनद्याच वाढून दूरवर पसरल्या, हे शार्पांतिएंचं म्हणणं सत्याच्या अधिक जवळचं. पण गाजावाजा करण्याची हातोटी आगासींकडे होती, आणि एखादा विचार सर्वदूर पोचवायला तीही लागतेच.

हे सगळं हिमनदी दगड वाहते या गृहीतावर उभं. ती मुळात चालते कशी, हा वाद वेगळाच रंगत होता. अठराव्या शतकाच्या आरंभी स्विस अभ्यासक शॉइक्झर म्हणाले, भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं आणि बर्फाला पुढं रेटतं. जिनिव्हाचे आल्प्स-अभ्यासक सोस्यूर यांच्या मते बर्फ आपल्याच वजनानं उतारावरून घसरतो. स्विस अभ्यासक हुगी यांनी 1827 मध्ये आल्प्समधल्या उंटरआर हिमनदीवर बांधलेली झोपडी चौदा वर्षांत सुमारे 1,400 मीटर खाली सरकली. 1842 मध्ये स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्ज यांनी शामोनीजवळच्या मेर द ग्लास या हिमनदीवर मोजमापं घेतली, तेव्हा मधला बर्फ काठांपेक्षा वेगानं सरकतो हे दिसलं. नुसत्या घसरणाऱ्या घट्ट लादीला हे जमणार नाही. फोर्ब्जनी निष्कर्ष काढला की बर्फ दाट द्रवासारखा वाहतो.

आइसलँडचे वैद्य स्वेन पाल्सन यांनी असंच काहीसं 1795 मध्येच लिहून ठेवलं होतं: बर्फ डांबरासारखा हळूहळू वाहतो. त्यांनी ते हस्तलिखित डेन्मार्कच्या विद्वानांकडे पाठवलं, पण छापलं गेलं नाही. पूर्ण ग्रंथ आइसलँडच्या भाषेत प्रसिद्ध झाला तो थेट 1945 साली.